सरकारी इमारतीचं ईपीसी टेंडर भरताय? डिझाईन-बिल्ड काम टेंडरपासून ताबा देईपर्यंत कसं चालतं ते नीट वाचा

आमच्या भागात वर्षानुवर्षं बी-वनवर, म्हणजे विभागाच्या अंदाजपत्रकावर टक्के लावायच्या नेहमीच्या टेंडरवर, कामं केलेले बरेच ठेकेदार आता ईपीसी टेंडरकडे, म्हणजे डिझाईन, खरेदी आणि बांधकाम सगळं एकाच ठेकेदाराकडे असलेल्या टेंडरकडे वळलेत, कारण विभागांनी मोठ्या इमारती, म्हणजे हॉस्पिटल, कोर्ट, वसतिगृहं, प्रशासकीय भवनं, या पद्धतीने काढायला सुरुवात केली आहे. आणि जवळपास प्रत्येकाची पहिली चूक एकच असते, ते ईपीसीचं टेंडर बी-वनसारखं वाचतात. अंदाजपत्रकाची रक्कम बघायची, शेजारच्या तालुक्यात मागचं काम किती टक्के खाली गेलं ते आठवायचं आणि तेवढे टक्के लावून मोकळं व्हायचं. बी-वनमध्ये हे चालून जातं. ईपीसीत नाही चालत, आणि का नाही चालत ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप समजायला लागतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

नेहमीच्या सरकारी कामात प्लॅन मुख्य वास्तुशास्त्रज्ञांच्या ऑफिसकडून किंवा विभागाने नेमलेल्या आर्किटेक्टकडून येतो, स्ट्रक्चरल डिझाईन संकल्पचित्र मंडळाकडून किंवा कंसल्टंटकडून होतं, मग विभाग क्वांटिटी काढतो, एसएसआरने (सरकारी दरसूचीने) अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता होते आणि मग टेंडर. ठेकेदार फक्त दर देतो. फूटिंग खोल गेलं तर क्वांटिटी वाढली, एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढली, पैसे मिळाले, उशिरा का होईना. एखादा आयटम सुटला तर ईआयआरएल (जादा आयटमची दरयादी) करता येते. म्हणजे ड्रॉइंग चुकलं तर त्याचा खर्च विभागाचा.

ईपीसी किंवा डिझाईन-बिल्डमध्ये विभाग फक्त काय पाहिजे ते सांगतो. इतक्या बेडचं हॉस्पिटल, इतकं बांधीव क्षेत्र, अमुक खोल्या, अमुक दर्जाचं फिनिशिंग, अमुक कोड पाळायचे. त्याच्यापुढचं डिझाईन, क्वांटिटी, बांधकाम, लिफ्टपासून मेडिकल गॅसपर्यंत सगळं एकाच ठेकेदाराकडे आणि रक्कम ठोक. क्वांटिटी वाढली तर ती तुमची, कमी झाली तर तो फायदाही तुमचाच. रस्त्यात ही पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे, समृद्धी महामार्गाची १६ पॅकेजेस ईपीसीवरच दिली होती. पण रस्त्याचा अनुभव इमारतीला फारसा लागू पडत नाही, इमारतीत वापरणारं खातं वेगळं, बांधून घेणारं खातं वेगळं आणि खोल्याखोल्यांत भानगडी.

म्हणजे बघा, तुम्ही रक्कम आधी लिहून देता आणि डिझाईन नंतर करता. नफा-तोटा टेंडर निघाल्यापासून भरेपर्यंतच्या त्या तीन-चार आठवड्यांत आणि कार्यारंभ आदेशानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत ठरतो. साइटवर कितीही राबलात तरी त्यानंतर फार काही हातात राहत नाही. म्हणून हा लेख पण त्याच दोन काळांवर जास्त रेंगाळणार आहे.

टेंडर हातात आलं की आधी काय वाचायचं

रक्कम नंतर बघा. आधी पात्रता बघून घ्या म्हणजे वेळ वाया जात नाही. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, धाटणीच्या टेंडरमध्ये तशाच प्रकारचं पूर्ण केलेलं काम अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन असं मागतात. म्हणजे ६० कोटींच्या कामाला ४८ कोटींचं एक, ३६ कोटींची दोन किंवा २४ कोटींची तीन. राज्याच्या टेंडरमध्ये आकडे वेगळे असू शकतात. 'तशाच प्रकारचं' याची व्याख्या शब्द न् शब्द वाचा, कधी नुसती आरसीसी इमारत चालते, कधी हॉस्पिटलच पाहिजे असतं आणि ते पण एमईपीसकट, म्हणजे एसी, वीज, प्लंबिंगच्या कामांसकट. बसत नसाल तर जेव्ही (दुसऱ्या कंपनीबरोबर भागीदारी) चालतो का ते तिथेच कळतं.

मग सगळ्यात महत्त्वाचं, विभागाच्या गरजांचा भाग. कुठे त्याला स्कोप ऑफ वर्क म्हणतात, कुठे शेड्युल बी, कुठे एम्प्लॉयर्स रिक्वायरमेंट. हा भाग प्रिंट काढून पेन्सिल घेऊन वाचा, मोबाईलवर वाचू नका. 'आवश्यक ते सर्व', 'पूर्ण समाधान होईपर्यंत', 'जरी नमूद नसले तरी' असे शब्द जिथे दिसतील तिथे खूण करा, तुमचे पैसे या शब्दांतून गळतात. टेंडरमध्ये दिलेला प्लॅन 'सूचक' आहे की 'बंधनकारक' ते बघा. क्षेत्रफळ कुठलं धरलंय, प्लिंथ एरिया की कार्पेट, पोर्च आणि डक्ट त्यात आहेत की नाहीत. आणि कागदपत्रांत विसंगती असेल तर कुठला कागद वरचा धरायचा त्याचं कलम शोधा. बऱ्याच टेंडरमध्ये 'जे जास्त कडक असेल ते लागू' असं असतं, म्हणजे एका पानावर व्हिट्रिफाइड आणि दुसऱ्या पानावर ग्रॅनाइट असेल तर तुम्ही ग्रॅनाइट धरूनच चाला.

कोडची यादी पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. उदाहरण देतो. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत हॉस्पिटल, शाळा अशा इमारतींना इम्पॉर्टन्स फॅक्टर १.५ आहे, साध्या इमारतीला १. म्हणजे भूकंपाचं बल थेट दीडपट. त्याच कोडप्रमाणे मुंबई-पुणे झोन तीन, नागपूर झोन दोन आणि कोयना परिसर झोन चार. त्यामुळे नागपूरच्या वसतिगृहाचा स्टीलचा आकडा उचलून कोयनेच्या बाजूच्या हॉस्पिटलला लावला तर तुम्ही बुडालात. टेंडरमध्ये कुठल्या कोडची कुठली आवृत्ती लिहिली आहे ते बघा, आणि 'बिड दिवसाला लागू असलेली' की 'डिझाईनच्या दिवशी लागू असलेली' ते पण, कारण मध्ये कोड बदलला तर फरक कोणी भरायचा हे त्या दोन शब्दांवर ठरतं.

परवानग्या कोणी काढायच्या हे बघा. राज्य सरकारच्या इमारतीला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ च्या कलम ५८ खाली नियोजन प्राधिकरणाला किमान ३० दिवस आधी पूर्ण तपशिलासह कळवावं लागतं. सही अधिकाऱ्याची असते पण कागद तयार करायचं काम बहुतेक वेळा ठेकेदारावर ढकललेलं असतं. फायरची एनओसी, झाडं तोडायची परवानगी, लिफ्टचं लायसन्स, एक्स-रे सीटी असेल तर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मंजुरी, आणि बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याच्या वर असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी. शेवटची परवानगी लागणार असेल आणि ती तुमच्या स्कोपमध्ये असेल तर कितीतरी महिने त्यातच जातात, तो वेळ कामाच्या मुदतीत मोजला आहे का ते विचारा.

जागा बघायला जाताना सातबारा घेऊन जा

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. आमचं पहिलं ईपीसी काम एका तालुक्याच्या गावातलं उपजिल्हा रुग्णालय होतं. टेंडरसोबत मातीचा रिपोर्ट होता, दोन बोअर, दोन्हीत अडीच मीटरवर कडक मुरूम. आम्ही खूश, आयसोलेटेड फूटिंग धरली आणि दर भरून टाकला. काम मिळालं, खोदाई सुरू झाली आणि उत्तरेच्या कोपऱ्यात जेसीबी चार मीटर खाली गेला तरी काळी माती, विटांचे तुकडे, फुटकी कौलं बाहेर येत होती. दुपारपर्यंत आकार दिसायला लागला, गोल, साधारण सहा-सात मीटर व्यासाचा. बुजवलेली विहीर होती. बांधावर उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "ही तर पाटलाची विहीर, बहात्तरच्या दुष्काळात हिच्यावरच गाव जगलं." गावात सगळ्यांना माहीत होतं, आम्हीच कुणाला विचारलं नव्हतं.

आम्ही जादा खर्च मागितला. उत्तर एका ओळीचं आलं, टेंडरमध्ये लिहिलंय की मातीचा रिपोर्ट फक्त माहितीसाठी आहे, खात्री बिडरने करायची. ते खरंच लिहिलेलं होतं. तेवढ्या भागात राफ्ट करून आणि खालची सगळी भराव माती काढून पीसीसी भरून १७-१८ लाख गेले, वर दीड महिना.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. टेंडर भरायच्या आधी स्वतःच्या खर्चाने किमान दोन-तीन बोअर इमारतीच्या कोपऱ्यांवर घ्यायचे. सगळ्या टेंडरला परवडत नाही हे मान्य, पण ज्या कामात खरोखर उतरायचंय तिथे घ्यायचेच. आणि त्या गट नंबरचा जुना सातबारा, शक्यतो हस्तलिखित, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढायचा. गाव नमुना बारामध्ये जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो, तिथे 'विहीर' लिहिलेलं असतं. जमीन आता सरकारी असली तरी आधी कोणाची तरी शेती होती. शिवाय गट नकाशावर ओढा, नाला, जुनी पायवाट दिसते. जाताना जून-जुलैत गेलात तर आणखी चांगलं, पाणी कुठे साचतं ते डोळ्यांना दिसतं. पाण्याची लाईन, हाय टेन्शन वायर, जुन्या इमारती पाडायच्या आहेत का, त्यांचा मलबा कोणाचा, ट्रेलर आत वळतो का, हे सगळं त्याच फेरीत फोटोसकट नोंदवून घ्या.

दर भरण्याआधी अर्धं डिझाईन करून ठेवा

बीओक्यू (आयटमवार क्वांटिटीची यादी) नाही म्हटल्यावर क्वांटिटी तुम्हालाच काढायची आहे. इथे पैसे वाचवू नका, टेंडरच्या टप्प्यावरच एक आर्किटेक्ट, एक स्ट्रक्चरल आणि एक एमईपीवाला बरोबर घ्या. पूर्ण डिझाईन नाही लागत, पण कॉलमची ग्रिड, बीमची खोली, एका ठराविक मजल्याचं मॉडेल आणि एसीचा लोड एवढं तरी पाहिजे. एक हिशोब करून बघा. १ लाख २० हजार चौरस फुटांची इमारत आहे. तुम्ही स्टील चौरस फुटाला साडेचार किलो धरलं आणि डिझाईनमध्ये साडेपाच आलं. फरक एक किलो, म्हणजे १२० टन. टनाला ६० हजार धरले तरी ७२ लाख गेले, एका आकड्यात. आणि हॉस्पिटलला साध्या ऑफिसपेक्षा स्टील जास्त लागतंच.

इमारतीच्या कामात आपले लोक सिव्हिल बरोबर धरतात आणि एमईपीत मार खातात. एसी, मेडिकल गॅस पाइपलाइन, फायर फायटिंग, ट्रान्सफॉर्मर, डीजी (जनरेटर), एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण), लिफ्ट, सीसीटीव्ही, नर्स कॉल, हे सगळं मिळून रकमेचा मोठा हिस्सा होतो आणि यातलं काहीच आपलं रोजचं काम नाही. त्यामुळे व्हेंडरकडून लेखी कोटेशन घ्या, आणि त्या कोटेशनची वैधता बिडच्या वैधतेएवढी पाहिजे, नाहीतर काम लागेपर्यंत भाव बदललेला असतो.

शंका असतील त्या प्रीबिड मीटिंगच्या आधी लेखी द्या, कलम आणि पान नंबर टाकून. तोंडी उत्तराला काडीचीही किंमत नाही. जे उत्तर सीएसडीत, म्हणजे प्रीबिडनंतर विभाग काढतो त्या बदलांच्या यादीत, छापून येतं तेच टेंडरचा भाग होतं. आणि काही लोक मुद्दाम शंका विचारत नाहीत, 'नंतर बघू' म्हणतात, माझ्या मते हे फार धोक्याचं आहे, कारण नंतर विभाग म्हणतो तुम्ही विचारलं नाही म्हणजे तुम्हाला समजलं होतं.

पैसे कसे मिळणार त्याचं शेड्युल दराइतकंच महत्त्वाचं. ईपीसीत आयटमप्रमाणे नाही तर टप्प्याप्रमाणे टक्केवारीत बिल मिळतं. आता समजा शेड्युलमध्ये 'संपूर्ण आरसीसी फ्रेम पूर्ण, २५ टक्के' असा एकच टप्पा आहे. ६० कोटींच्या कामात १५ कोटींचं काम होईपर्यंत तुम्हाला एक रुपया मिळणार नाही. म्हणून प्रीबिडमध्ये मागा की प्रत्येक स्लॅबला वेगळा टक्का द्या, मटेरियल साइटवर आल्यावर काही टक्के द्या. बहुतेक वेळा हे मान्य होतं, मागावं मात्र लागतं. मोबिलायझेशन ॲडव्हान्स आहे का बघा, सीपीडब्ल्यूडीत १० टक्क्यांपर्यंत मिळतो पण त्यावर १० टक्के सरळ व्याज आणि बँक गॅरंटी लागते, म्हणजे ६ कोटी उचलले तर वर्षाला ६० लाख व्याज. कपाती पण आधीच मांडून ठेवा, सरकारी वर्क्स काँट्रॅक्टवर जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे, टेंडरची रक्कम जीएसटी धरून की सोडून ते दोनदा तपासा, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, इन्कम टॅक्सचा १ किंवा २ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का. राज्याच्या कामात विमा शासकीय विमा निधीतून घ्यावा लागतो, बाहेरच्या कंपनीचा काढला तर बिलातून रक्कम कापली जाते. भाववाढ कलम आहे की नाही, असेल तर कुठल्या महिन्याचा निर्देशांक. फार खाली दर भरला तर जादा सुरक्षा ठेव द्यावी लागते, ती रक्कम पण अडकून राहते.

आणि एक गोष्ट लोक लाजून विचारत नाहीत, लेखाशीर्ष (बजेटच्या कुठल्या हेडमधून पैसे येणार) आणि या वर्षीची तरतूद. प्रशासकीय मान्यता ६० कोटींची असते आणि अर्थसंकल्पात तरतूद ३ कोटींची. काम जोरात केलं आणि बिलं थकली की व्याज तुमच्या घरातून. केंद्राच्या कामांना अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचना आहेत, चालू बिलाचे किमान ७५ टक्के १० कामकाजाच्या दिवसांत आणि उरलेलं २८ कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. राज्याच्या टेंडरमध्ये असं काही लिहिलंय का ते तुम्हीच शोधायचं. त्याच सूचनांमध्ये केंद्राच्या कामात नुसता कमी दर न बघता गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन द्यायची मुभा पण आहे, त्यामुळे काही टेंडरमध्ये तांत्रिक सादरीकरणाला मार्क असतात, तिथे तुमचा डिझाईनर कोण आहे याला किंमत येते.

काम लागलं, आता पहिले शंभर दिवस

कार्यारंभ आदेश मिळाला की सगळ्यांना खोदायची घाई होते. थांबा. आधी डिझाईनरशी लेखी करार करा, टेंडरला ज्याने मदत केली तोच असला तर उत्तम. त्या करारात टेंडरमधल्या सगळ्या अटी जशाच्या तशा उतरवा, ड्रॉइंग द्यायच्या तारखा, दुरुस्तीच्या फेऱ्या, साइट व्हिजिट, आणि चुकलं तर जबाबदारी. इथे एक बारीक पण मोठी फट आहे. डिझाईन-बिल्डच्या करारांत ठेकेदाराची हमी अशी असते की इमारत ज्या कामासाठी आहे त्या कामाला योग्य असेल, फिडिकच्या यलो बुकमध्ये, म्हणजे डिझाईन-बिल्डच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात, पण तसंच आहे. पण कंसल्टंटचा व्यावसायिक विमा फक्त त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच पैसे देतो. म्हणजे डिझाईन नियमाने केलं, कोणी चुकलं नाही आणि तरी ओटी (ऑपरेशन थिएटर) थंड होत नाही, तर विमा हात वर करणार आणि विभाग तुम्हाला धरणार. यावर पूर्ण इलाज नाही, पण निदान करार करताना माहीत असावं.

मग पहिला कागद म्हणजे डिझाईन बेसिस रिपोर्ट, डीबीआर. कुठले लोड, कुठला झोन, काँक्रीटचा ग्रेड, एसीचं तापमान, पाण्याची मागणी, किती वीज, सगळी गृहीतकं त्यात लिहायची आणि ती विभागाकडून मंजूर करून घ्यायची. डीबीआर मंजूर नसताना ड्रॉइंग करायला बसू नका, नंतर कोणीतरी म्हणतं गच्चीवर सोलर आणि चिलर दोन्ही येणार आणि तुमचे कॉलम परत तपासायला लागतात. त्याच्याबरोबर प्रत्येक खोलीचं एक पान करा, त्याला रूम डेटा शीट म्हणतात, खोलीत काय यंत्र, किती सॉकेट, पाणी, गॅस, दरवाजा किती रुंद, फरशी कुठली. यावर वापरणाऱ्या खात्याची सही घ्या, हॉस्पिटल असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या ऑफिसची. बांधकाम खात्याची सही आहे म्हणून डॉक्टरांची नको असं समजू नका, ताबा डॉक्टर घेणार आहेत.

स्ट्रक्चरल डिझाईन बहुतेक टेंडरमध्ये आयआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी, व्हीएनआयटी अशा संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. फी कोणाची ते टेंडरमध्ये असतं. सुट्ट्या, परीक्षा, प्राध्यापकांचा वेळ धरून प्लॅन करा. वेळ वाचवायचा तर टप्प्याने द्या, फाउंडेशन आणि प्लिंथ आधी, वरचं नंतर, म्हणजे पावसाळ्याआधी जमिनीच्या वर निघता येतं. पण टप्प्याने देताना वरच्या सगळ्या लोडची यादी आधी गोठवलेली पाहिजे, नाहीतर फूटिंग ओतून झाल्यावर गच्चीवर टाकी वाढते.

प्रत्येक ड्रॉइंग पत्रासोबत द्या, रिव्हिजन नंबर टाका आणि आवक शिक्का व तारीख घ्या. ईमेल करा पण शिक्का पण घ्या. काही टेंडरमध्ये कलम असतं की इतक्या दिवसांत शेरा आला नाही तर मंजूर समजावं. त्या कलमावर विसंबून काँक्रीट ओतायला मी कोणाला सांगणार नाही, पण मुदतवाढ मागताना तो शिक्का सोन्यासारखा असतो. आणि मंजुरीचा अर्थ नीट समजून घ्या, विभागाने ड्रॉइंगवर सही केली म्हणजे जबाबदारी त्यांच्याकडे गेली असं नसतं, जवळपास प्रत्येक ईपीसी करारात लिहिलेलं असतं की मंजुरीनंतरही डिझाईनची जबाबदारी ठेकेदाराचीच.

सगळी ड्रॉइंग एकावर एक ठेवून बघा

आर्किटेक्ट एका शहरात, स्ट्रक्चरलवाला दुसऱ्या, एमईपीवाला तिसऱ्या, आणि प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर. एका कामात दुसऱ्या मजल्याच्या वरच्या स्लॅबचं शटरिंग झालं होतं, स्टील अर्धं बांधून झालं होतं. प्लंबिंगचा फोरमन वर आला आणि मला म्हणाला, "साहेब, नहाणी ट्रॅपची पाइप इथून खाली काढतो, पण खाली नक्की काय येणार आहे?" मी ड्रॉइंग उघडलं. खाली ऑपरेशन थिएटर. तिसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डचं टॉयलेट बरोबर ओटीच्या डोक्यावर आलं होतं, आणि त्याची ड्रेनेज लाइन ओटीच्या फॉल्स सीलिंगमधून, हवेच्या डक्टला चिकटून जाणार होती. तीन कंसल्टंट, विभाग, तपासणारी संस्था, सगळ्यांच्या हाताखालून ते ड्रॉइंग गेलं होतं आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण प्रत्येकजण आपलंच पान बघत होता. माझ्याही नाही. टॉयलेट दोन बे पलीकडे सरकवलं, संकन स्लॅबची जागा बदलली, बीमचं डिझाईन परत तपासून घेतलं, तीन आठवडे गेले. स्लॅब ओतल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार अजून करवत नाही. त्या फोरमनचं शिक्षण नववी होतं, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा तो त्या दिवशी नीट बघत होता.

त्यामुळे बीआयएम (इमारतीचं सगळं एकत्र दाखवणारं थ्रीडी) मॉडेल करायला परवडत असेल तर कराच, काही टेंडर आता मागतातच. नसेल तर प्रत्येक मजल्याचं आर्किटेक्चर, बीम, डक्ट, ड्रेनेज, स्प्रिंकलर असं एकाच शीटवर आणून आठवड्यातून एकदा सगळ्यांना एका टेबलावर बसवा, आणि साइटचे फोरमन त्या मीटिंगला पाहिजेतच. ओटी, आयसीयू, सीएसएसडी (निर्जंतुकीकरण विभाग), किचन आणि सगळ्या शाफ्टचे सेक्शन काढा. मजल्याची उंची ४.२ मीटर, बीम ६०० मिमी, फॉल्स सीलिंग ३ मीटरवर, म्हणजे बीमखाली सेवांना जागा फक्त ६०० मिमी. त्यात डक्ट, इन्सुलेशन, केबल ट्रे आणि स्प्रिंकलरची लाइन एकमेकांना ओलांडून गेली पाहिजे. हे कागदावर नाही बसलं तर साइटवर कसं बसेल.

शेरा आणि बदल यातला फरक

ईपीसीत सगळ्यात जास्त पैसे इथे जातात असं माझं मत आहे, मातीपेक्षाही जास्त. ड्रॉइंग तपासून परत येतं तेव्हा त्यावर लाल शाईत शेरे असतात. काही शेरे खरंच चुका दाखवतात, त्या आपण दुरुस्त करायच्याच. पण काही शेऱ्यांमध्ये नवी मागणी असते. 'जिन्याला ग्रॅनाइट घ्यावे', 'येथे डायलिसिस कक्ष प्रस्तावित करावा'. डायलिसिस म्हटलं की आरओ प्लांट आला, वेगळं ड्रेनेज आलं, वीज वाढली. आपला ड्राफ्ट्समन बिचारा सगळे शेरे गुपचूप ड्रॉइंगमध्ये घालतो आणि नवीन रिव्हिजन देतो, आणि त्या क्षणी ती मागणी तुमच्या ठोक रकमेत जाऊन बसते. नंतर पत्र लिहिलं तर उत्तर येतं, हे तुमच्याच ड्रॉइंगमध्ये आहे.

म्हणून प्रत्येक शेऱ्याला त्याच पत्रात उत्तर द्या, हा स्वीकारला, हा टेंडरच्या अमुक कलमापेक्षा जास्त आहे, चेंज ऑफ स्कोपखाली आदेश मिळाल्यावर करू, अंदाजे खर्च इतका आणि मुदत इतकी वाढेल. भाषा नम्र ठेवा, अधिकाऱ्यांशी भांडायचं कारण नाही, त्यांनाही वरच्या ऑफिसला दाखवायला तुमचं पत्र लागतं. आदेश हातात आल्याशिवाय जादा काम करू नका. तोंडी सांगितलं असेल तर त्याच संध्याकाळी 'आज साइट भेटीत आपण सांगितल्याप्रमाणे' असं पत्र किंवा मेल टाका. बदल कमी करणारा असेल, म्हणजे काही वगळलं, तर तुमच्या रकमेतून वजा पण होतं हे लक्षात असू द्या.

बांधकाम, बिल आणि उशीर

बांधकामात वेगळं सांगण्यासारखं कमी आहे, क्यूब टेस्ट, स्टीलचे टेस्ट रिपोर्ट, शासनमान्य लॅब, ते तुम्हाला येतंच. फक्त एक समज काढून टाका, की आयटमची एमबी नाही म्हणजे नोंदी नकोत. टप्प्याचं बिल पास करताना अधिकाऱ्याला तो टप्पा पूर्ण झाल्याचा पुरावा पाहिजे असतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची फाइल करा, मंजूर ड्रॉइंग, चेकलिस्ट, टेस्ट रिपोर्ट, फोटो. फाइल तयार असेल तर बिल टेबलावर अडकत नाही. टप्पा ९५ टक्के झाला आणि एका कोपऱ्यात प्लास्टर राहिलं तर पूर्ण बिल थांबतं, म्हणून टप्प्याच्या शेवटच्या आठवड्यात माणसं तिथे लावा.

उशिराचा दंड हिशोबात घ्या. सीपीडब्ल्यूडी धाटणीच्या करारात महिन्याला १ टक्का, दिवसावर मोजून, आणि कमाल १० टक्के. ६० कोटींच्या कामात दिवसाला साधारण २ लाख आणि जास्तीत जास्त ६ कोटी. म्हणून अडथळ्यांचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून लिहा, जागा अर्धीच मिळाली, झाडांची परवानगी आली नाही, ड्रॉइंग पडून राहिलं, निवडणुकीची आचारसंहिता, सगळं तारखेसकट, आणि त्यावर उपअभियंत्यांची सही. मुदतवाढीचा अर्ज करारात दिलेल्या दिवसांच्या आत करा, काम संपल्यावर एकदम नको. ईपीसीत डिझाईनचा उशीर तुमचा धरला जातो, त्यामुळे कुठला उशीर कोणाच्या टेबलावर झाला ते आवक-जावक नंबरवरूनच सिद्ध होतं.

वाद झालाच तर आधी करारातली पायरी पाळा, अधीक्षक अभियंता, मग समिती, मग पुढे. लवाद मिळेलच असं आता गृहीत धरू नका. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ ला सांगितलंय की लवादाचं कलम साधारणपणे १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादापुरतंच ठेवावं, बाकीच्यांना मध्यस्थी किंवा कोर्ट. टेंडर भरतानाच हे कलम बघा, दर त्याप्रमाणे ठरवा.

ताबा देताना

काम संपायच्या तीन महिने आधी टेस्टिंग आणि कमिशनिंगचं वेळापत्रक द्या. मेडिकल गॅसची प्रेशर टेस्ट, ओटीचे एअर चेंजेस आणि हेपा फिल्टरची तपासणी, फायर पंप चालवून दाखवणं, डीजीवर लोड घेऊन बघणं, हे वापरणाऱ्या लोकांच्या समोर करा. कायमचं वीज कनेक्शन नसेल तर यातलं काहीच होत नाही आणि तुमचं शेवटचं बिल लटकतं, म्हणून त्याचा अर्ज स्लॅब चालू असतानाच टाकून ठेवा. ॲज-बिल्ट ड्रॉइंग शेवटी बसून आठवणीने काढू नका, जमिनीखालची प्रत्येक लाइन बुजवायच्या आधी मोजून, टेप दिसेल असा फोटो काढून ठेवा. वॉरंटी कार्डं, मॅन्युअल, चाव्यांची यादी, दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग, आणि प्रत्येक खोलीची ताबा पावती, रूम डेटा शीटच्याच क्रमाने.

दोष दायित्व कालावधी, म्हणजे ताबा दिल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, इमारतीला आणि वॉटरप्रूफिंगला वेगवेगळा असतो, वॉटरप्रूफिंगचा बराच मोठा, त्यामुळे त्या सब-काँट्रॅक्टरचे थोडे पैसे शेवटपर्यंत हातात ठेवा. ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, स्वतः गच्चीवर जा, प्रत्येक आउटलेट आणि एक्स्पान्शन जॉइंट बघा, तक्रार यायची वाट बघू नका. बँक गॅरंटीची मुदत मुदतवाढीप्रमाणे वाढवत राहा, संपायच्या आधी विभागाचं पत्र तुमच्या बँकेत गेलं की गॅरंटी वठवली जाते. आणि कालावधी संपला की दुसऱ्याच दिवशी सुरक्षा ठेव परत मिळण्याचा अर्ज द्या, सोबत दोष नसल्याचा उपअभियंत्यांचा दाखला, आणि त्या अर्जावरही आवक शिक्का घ्या.